उसाखालचा मॉरिशस

उसाच्या पट्ट्यात जन्म गेला, त्यामुळे कुठंही गेलो तरी आधी सऱ्या बघतो. लेक-जावयानं मॉरिशसला समुद्र दाखवायला नेलं, तर मी रस्त्याकडेच्या फडात उतरलो. फडाच्या मधोमध काळ्या दगडांची रास, माझ्या डोक्यावर जाईल एवढी, आणि तिला वळसा घालून ऊस लावलेला. आपल्याकडं वेचलेला दगड बांधाला जातो. हे बेट ज्वालामुखीतून वर आलेलं. दगडच इतका की बांध पुरला नाही. दगड ओळखीचा, सह्याद्रीतला तोच बसाल्ट. या राशी मजुरांनी हातानं रचल्यात.

ऊस मात्र इथला नव्हे. १६३९ साली डच गव्हर्नर आद्रियान वान डर स्टेलनं तो जावातून आणला, सोबत हरणंही आणली. डचांचा डोळा एबनीच्या काळ्या लाकडावर होता. उसाचा उपयोग मुख्यतः दारू गाळायला. त्यांच्याच काळात डोडो संपला आणि १७१० मध्ये तेही निघून गेले. मग फ्रेंच आले, गुलामांकरवी मळे वाढले. टोळ आवरायला त्यांनी १७६२ च्या सुमारास भारतातून साळुंक्या नेल्या. टोळांचं काय झालं ते असो, साळुंक्या मात्र आज घरच्यासारख्या भांडतात.

इंग्रजांनी १८१० मध्ये बेट घेतलं. १८२५ मध्ये इथल्या साखरेवरची जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी उतरवली आणि रानावर कुऱ्हाड पडली. चक्रीवादळात लवंगेचं झाड मोडतं. ऊस लोळतो, पण बऱ्याचदा सावरतो. म्हणून पिकांत तोच जिंकला. मूळचं चांगलं जंगल आज जेमतेम दोन टक्के उरलंय.

१८३५ मध्ये गुलामी संपली. मालकांना वीस लाख पौंडांवर भरपाई मिळाली, गुलामांना छदाम नाही. त्याच्या तीनच महिने आधी, नोव्हेंबर १८३४ मध्ये, 'अॅटलस' जहाजातून ३६ भारतीय मजूर पोर्ट लुईला उतरले होते. पुढं साडेचार लाखांच्या आसपास माणसं आली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी, सावंतवाडीकडचे लोक होते. त्यांच्या वंशजांचा गणपती आजही बसतो, त्या दिवशी देशाला सुट्टी असते.

करार साधारण पाच वर्षांचा. त्यात 'डबल कट' नावाचं कलम: एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायची. आमच्याकडं उचल घेतलेल्या कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडीला, खाड्याचा दंड लागतो, तो माझ्याही फडात लागलाय. मुकादमाचं डोकं म्हणून आम्ही त्याला नावं ठेवायचो. पण ही विद्या त्याच्या पणजोबाहून जुनी निघाली. १८७१ मध्ये आडॉल्फ द प्लेव्हित्झ या गोऱ्या मळेवाल्यानं मजुरांच्या बाजूनं नऊ हजारांवर सह्यांचा अर्ज केला, तेव्हा कुठं शाही आयोग आला. बाकीचे मळेवाले त्याच्यावर खवळले, हे सांगायला नकोच.

एकेकाळी इथं अडीचशेवर साखर कारखाने होते, आता तीन राहिलेत. चिपाडावर वीज होते, ती देशाला पुरवतात. आणि पाचट? जुलै २०२० मध्ये 'वाकाशिओ' हे जहाज प्रवाळावर चढलं. ऑगस्टमध्ये त्यातलं तेल खाडीत पसरू लागलं. सरकारची वाट न बघता गावोगावच्या लोकांनी कापडाच्या लांब पिशव्या शिवल्या, त्यात उसाचं पाचट ठासून भरलं, तरंगायला प्लास्टिकच्या बाटल्या बांधल्या आणि ते बांध पाण्यात सोडले.