सवयींच्या अभ्यासाकडे: प्रस्तावना

गुढीपाडव्याला केलेला संकल्प अक्षय्य तृतीयेपर्यंत टिकला तरी पुष्कळ, हा बहुतेकांचा अनुभव आहे. पहाटे उठायचे, रोज चालायचे, झोपण्यापूर्वी चार पाने वाचायची; ठरवताना यातले काहीच अवघड वाटत नाही. पुढे संकल्प मोडला की आपण दोष देतो तो स्वतःच्या मनोनिग्रहाला. सवयींचा शास्त्रीय अभ्यास नेमकी याच निदानाविषयी शंका घेतो. माणसाचे रोजचे वागणे त्याच्या निश्चयापेक्षा त्याच्या परिसराला आणि दिनक्रमाला अधिक बांधलेले असते, हे या अभ्यासाचे मुख्य सांगणे. या विषयात पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्या मराठी वाचकासाठी ही प्रस्तावना आहे.

या विषयाची विचारपरंपरा जुनी आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत चित्तवृत्ती आवरण्याची अभ्यास आणि वैराग्य ही दोन साधने सांगितली आहेत, आणि अभ्यास पक्का व्हायचा तर तो दीर्घकाळ, अखंड आणि आदराने व्हावा, अशी अटही घातली आहे. अभ्यासाला अशक्य असे काही नाही, हे ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय दाखल्यांमागून दाखले देत पटवतो. वारकरी संप्रदायाने तर हा विचार प्रपंची माणसाच्या आवाक्यात आणला. रोजचा हरिपाठ, पंधरवड्याची एकादशी, आषाढी-कार्तिकीची वारी, गळ्यातली तुळशीची माळ. यात वेळ ठरलेली, खूण ठरलेली आणि सोबतीला माणसे. नेम चालू ठेवण्याचा सगळा भार एकट्याच्या मनावर पडत नाही. सवय जडण्यासाठी आजचे संशोधक ज्या गोष्टी महत्त्वाच्या मानतात, त्यांतल्या पुष्कळशा इथे आधीच जमून आलेल्या दिसतात.

पाश्चात्त्य मानसशास्त्रात विल्यम जेम्स यांनी 1890 च्या ‘द प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी’ या ग्रंथात सवयीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. नवी सवय अंगी मुरेपर्यंत एकही अपवाद होऊ देऊ नये, हा त्यांचा सल्ला पतंजलींच्या अखंडतेच्या अटीशी जुळणारा आहे. 1898 मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक यांनी भुकेल्या मांजरांना पेट्यांत कोंडून ती बाहेर पडायला कशी शिकतात याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. मांजराला एकाएकी युक्ती सुचते असे त्यांना दिसले नाही; ज्या हालचालीने सुटका होते ती फेरीगणिक थोडी थोडी पक्की होत जाते, असे दिसले. उपदेशाच्या जागी मोजमाप आले ते साधारण येथून.

सवय आणि आठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा ठळक पुरावा एका रुग्णाकडून मिळाला. शास्त्रीय लेखनात त्यांचा उल्लेख ‘ई. पी.’ एवढाच येतो. मेंदूला विषाणूचा संसर्ग झाल्याने नवे काही लक्षात ठेवण्याची त्यांची शक्ती गेली होती. लॅरी स्क्वायर आणि सहकाऱ्यांनी त्यांना वस्तूंच्या जोड्या पुन्हा पुन्हा दाखवून प्रत्येक जोडीतली ‘बरोबर’ वस्तू निवडायला लावली. पुष्कळ दिवसांच्या सरावाने निवड अचूक होऊ लागली, पण आपण हे पूर्वी केले आहे याचे त्यांना काहीच स्मरण नसे. मग सगळ्या वस्तू एकत्र ठेवून त्यांतल्या ‘बरोबर’ वस्तू वेगळ्या करायला सांगितल्या, तेव्हा शिकलेले काहीच कामी आले नाही. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा बोध दुहेरी आहे. सवय जाणिवेच्या मदतीशिवायही घडू शकते, आणि ती ज्या मांडणीत घडली त्या मांडणीला चिकटून राहते.

हीच गोष्ट निरोगी माणसांतही दिसते. वेंडी वुड यांनी लोकांना ठरावीक अंतराने आपण काय करत आहोत ते टिपायला सांगितले, तेव्हा त्यांची सुमारे 43 टक्के कामे जवळजवळ रोज, त्याच ठिकाणी आणि बरेचदा दुसऱ्याच विचारात असताना होत असल्याचे आढळले. 2011 च्या एका प्रयोगात त्यांच्या गटाने चित्रपटगृहात काहींना ताजे, तर काहींना आठवडाभराचे शिळे पॉपकॉर्न दिले. ज्यांना चित्रपट पाहताना पॉपकॉर्न खाण्याची सवय होती, त्यांनी चव आवडली नाही तरी शिळेही तितकेच खाल्ले. अशीच सवय असलेली दुसरी माणसे सभेच्या खोलीत बसवली, किंवा त्यांना नेहमीपेक्षा दुसऱ्या हाताने खायला लावले, की शिळ्याची पुडी बाजूला राहू लागली.

सवय जडायला किती दिवस लागतात? 21 दिवस, हे उत्तर आपल्याकडे भाषणांतून आणि भिंतीवरच्या तक्त्यांतून फिरत असते. त्याचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 च्या पुस्तकात आहे. बदललेला चेहरा स्वीकारायला रुग्णांना किमान तीनेक आठवडे लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. सवयी त्यांनी मोजल्या नव्हत्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी त्या मोजल्या. 96 जणांनी 12 आठवडे एकेक छोटी कृती रोज ठरल्या वेळी करून पाहिली. कृती अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा मध्यक निघाला 66. माणसामाणसांतला फरक मात्र प्रचंड होता, 18 दिवसांपासून गणिताने अंदाजलेल्या 254 दिवसांपर्यंत. एखादा दिवस चुकला तरी सवय जडण्यात लक्षणीय अडथळा आला नाही. जेम्स यांच्या अपवादाविषयीच्या कडक नियमाला इथे थोडी सूट मिळते, आणि एका दिवसाच्या खंडाने खचून सगळेच सोडून देणाऱ्यांसाठी ती मोलाची आहे.

मग निश्चयाचा उपयोग काय? आहे, पण तो नेमका हवा. ‘अमुक वेळ आली की तमुक करीन’ असे जोडून ठरवणारे लोक नुसता इरादा करणाऱ्यांपेक्षा काम अधिक वेळा तडीस नेतात, हे पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनाने दाखवले. ‘रोज वाचीन’ या निश्चयापेक्षा ‘जेवणानंतर ताट घासून ठेवले की वाचायला बसेन’ हा निश्चय म्हणूनच जास्त टिकतो. परिसराचे बळ व्यसनांतही दिसते. व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेले बहुसंख्य अमेरिकी सैनिक मायदेशी परतल्यावर पुन्हा त्या व्यसनात अडकले नाहीत, असे ली रॉबिन्स यांना आढळले. ज्यांना घर, गल्ली आणि मित्रमंडळी बदलता येत नाहीत, त्यांचे काय, हा प्रश्न आपल्याकडे अधिक महत्त्वाचा. 1986 मध्ये पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रात कुटुंबाचा सहभाग आणि नंतरचा पाठपुरावा यांवर भर दिला जातो, तो यासाठीच समजून घेतला पाहिजे.

मनोधारणेविषयी मात्र थोडे सबुरीने बोलावे लागेल. बुद्धी वाढवता येते असे मानणारी मुले अपयशानंतर पुन्हा उभी राहतात, हा कॅरल ड्वेक यांचा सिद्धान्त लोकप्रिय झाला. 2019 मध्ये अमेरिकेतल्या सुमारे 12,000 विद्यार्थ्यांवर झालेल्या मोठ्या चाचणीत त्याचा परिणाम दिसला, पण लहान, आणि मुख्यतः अभ्यासात मागे असलेल्यांवर. मनोनिग्रह वापरल्याने संपत जातो, हे 1998 पासून गाजलेले मत तर 2016 मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून घेतलेल्या फेरचाचणीत टिकले नाही. विचार बदलल्याने माणूस बदलत नाही, असा याचा अर्थ नव्हे. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली. आपल्या समजुती तपासायला शिकवणारी ही पद्धत विचारबदलाला रोजचा स्वाध्याय मानते. निव्वळ सकारात्मक वाक्ये घोकण्यापासून ती फार दूर आहे.

एक इशारा या क्षेत्रात शिरतानाच लक्षात ठेवावा. 1980 च्या दशकाच्या आरंभी केंब्रिजमध्ये उंदरांना दांडा दाबून खाद्य मिळवायला शिकवले आणि नंतर त्या खाद्याची शिसारी आणली. थोडे शिकलेले उंदीर थांबले. अति सराव झालेले दांडा दाबतच राहिले. सवयीला हेतू आठवत नाही. पदवी मिळाल्यावरही चाललेली घोकंपट्टी, आरोग्यासाठी सुरू करून दुखण्यापर्यंत नेलेला व्यायाम, हे त्याच जातीचे. म्हणून काय करायचे ते विचाराने निवडावे, रोजचे चालवणे सवयीवर सोपवावे, आणि ठरावीक काळाने ते काम अजून करण्याजोगे आहे का, हे पुन्हा विचाराला विचारावे. यातला मधला टप्पा शिकवणारी पुस्तके बाजारात भरपूर आहेत; पहिला आणि तिसरा टप्पा सहसा वाचकावर सोडलेला असतो.

हे क्षेत्र अजून घडते आहे. त्याचे बहुतेक प्रयोग अमेरिका-युरोपातल्या विद्यार्थ्यांवर झाले आहेत. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या, दोन पाळ्यांत काम करणाऱ्या, लोकलने दोन तास प्रवास करणाऱ्या माणसाच्या सवयी कशा जडतात, याविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ उरले आहे. मराठी वाचकाने या विषयात केवळ ग्राहक म्हणून येऊ नये. आपली एक सवय निवडावी, तिची वेळ, जागा आणि हेतू वहीत लिहावा, खंड पडला तर तोही प्रामाणिकपणे नोंदवावा, आणि पुस्तकातले निष्कर्ष त्या नोंदींशी ताडून पाहावेत. या विषयाला अशा वाचकांची गरज आहे.