मौजे देवनार, तालुका कुर्ला

देवनारमधल्या एखाद्या फ्लॅटचा करारनामा काढून पाहा. सुरुवातीला सोसायटीचं नाव, रस्ता, पिनकोड असा शहरी पत्ता असतो. शेवटच्या परिशिष्टात मात्र जमीन 'मौजे देवनार, तालुका कुर्ला' इथली असते. 1950मध्ये हे गाव बृहन्मुंबईत आलं. त्याआधी, 1927पासून, शहराचा कचरा इथे पडत होता. 1954मध्ये टाटा समाजविज्ञान संस्था आली, 1971मध्ये कत्तलखाना. शेतं आणि खाजणं मागे हटली, तरी दप्तरातलं गाव जागचं हललं नाही.

दस्तनोंदणीची मुळंही अशीच जुनी आहेत. मुंबई इलाख्यात 1827च्या नवव्या रेग्युलेशनने दस्त नोंदवण्याची व्यवस्था केली. 1864च्या कायद्याने ठरावीक दस्तांची नोंदणी सक्तीची झाली. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने शंभर रुपये वा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होणार नाही, असं ठरवलं. आजचा नोंदणी कायदा 1908चा. महाराष्ट्रात 2012च्या सुमारास 'आय-सरिता' आली. दस्ताची माहिती आता घरूनच भरता येते, मुद्रांक शुल्क ऑनलाइन भरता येतं, सूची क्रमांक दोन संगणकावर पाहता येते.

पण या सगळ्यात नोंद होते ती दस्ताची. मालकी निर्विवाद आहे, अशी हमी दुय्यम निबंधक देत नाही. शिवाय फ्लॅटचा दस्त वेगळा आणि इमारतीखालच्या जमिनीचा वेगळा, हे घर घेताना फारसं कुणी सांगत नाही. 1963च्या मोफा कायद्याखालच्या नियमांप्रमाणे, करारात वेगळी मुदत नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमिनीचं अभिहस्तांतरण करून द्यायचं असतं. आमच्या सोसायटीतल्या मूळ सभासदांची नातवंडं कॉलेजात गेली, तरी मिळकत पत्रिकेवर जुन्या जमीनमालकाचंच नाव आहे.

अशा सोसायट्यांसाठी 2008च्या दुरुस्तीने 'मानीव अभिहस्तांतरण' आणलं. बिल्डर सही करत नसेल, तर जिल्हा उपनिबंधक त्याला नोटीस काढतात, दोन्ही बाजू ऐकतात आणि एकतर्फी दस्त नोंदवण्याचा दाखला देतात. अर्ज ऑनलाइन करता येतो. पुढे मुद्रांक शुल्काचं अभिनिर्णयन, मग दस्ताची नोंदणी आणि शेवटी नगर भूमापन कार्यालयात फेरफार. हा फेरफार राहून गेला, तर दस्त हातात असूनही पत्रिका जुनंच नाव सांगत राहते.

पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली, की पहिला प्रश्न येतो, 'जमीन कुणाच्या नावावर?' वाढीव चटई क्षेत्राचा लाभ कुणाला, हे बरंचसं त्या उत्तरावर ठरतं. म्हणून आमच्या वार्षिक सभेत गळती आणि पार्किंगच्या आधी मी हाच विषय मांडतो. वर्गणी भरायला कुरकुर होते, पण मूळ सभासद आता मोजकेच उरलेत. जुने करारनामे, पावत्या, मंजूर नकाशे कुणाच्या कपाटात आहेत, हे त्यांनाच ठाऊक आहे. अर्ज ऑनलाइन असला, तरी त्याला जोडायचे कागद त्या कपाटांतूनच यायचे आहेत.