साकातोन, ६ एप्रिल १९९४

१९७९. फ्लोरिडातले गणिताचे शिक्षक शेक एक्सली यांनी पाण्याखालच्या गुहांमधल्या अपघातांचा अभ्यास करून एक छोटं पुस्तक काढलं. नियम साधे: बाहेरपर्यंत अखंड दोर, हवेचा एक तृतीयांश जाताना, एक तृतीयांश परतताना, उरलेला राखीव, दिवे किमान तीन. एकाच वस्तूच्या भरवशावर आत जाऊ नये, हे गुहेत उतरणाऱ्या पाणबुड्यांना त्यांनी शिकवलं.

१९९३. दक्षिण आफ्रिकेतली बुशमन्सगाट ही पाण्याखालची गुहा. एक्सली २६३ मीटर खोल उतरले. एवढ्या दाबाखाली हेलियम मिसळलेला वायू श्वासात घेऊन झपाट्याने उतरलं की मज्जासंस्था बिघडते. एक्सलींचं अंग थरथरलं, दृष्टी बिघडली. माझ्या मते उलटी गणती इथून सुरू होते. मनगटावर गेज दोन असोत की चार, वाचणारे डोळे तेच.

६ एप्रिल १९९४. मेक्सिकोच्या तामाउलीपास राज्यातला साकातोन हा पाण्याने भरलेला प्रचंड खोल खड्डा. एक्सली ४५ वर्षांचे, सोबत जिम बोडन. लक्ष्य १००० फूट, म्हणजे ३०५ मीटर. दोघांचे दोर वेगळे. खाली ज्याने त्याने आपलंच गेज बघायचं.

उतरल्यावर काही मिनिटांनी. २७० मीटरवरचा दाब वरच्या २८ पट, म्हणजे दर श्वासाला वायूही २८ पट खर्च होतो. प्रेशर गेजचा काटा डोळ्यांदेखत खाली येतो. बोडननी गेज पाहिलं: वायू अपेक्षेपेक्षा बराच कमी. ते २८२ मीटरवर थांबले आणि मागे फिरले.

पण अशा एकाच गेजवर विसंबायचं नाही. दुसरं घेताना लोक पडदा बघतात, किंमत बघतात. मी आधी विचारतो, पहिलं बंद पडलं तर हे कशावर चालेल? मनगटावरचे दोन्ही कॉम्प्युटर सिलिंडरवरच्या एकाच ट्रान्समीटरवरून वायू वाचत असतील, तर दुसरं घेऊन काय मिळवलं? नळीला जोडलेलं काट्याचं गेज, खोली आणि वेळ दाखवणारं वेगळ्या बॅटरीचं यंत्र, पाटीवर लिहिलेलं, वर येतानाच्या डिकम्प्रेशन थांब्यांचं कोष्टक, एवढं हवंच.

थोड्या वेळाने. वरून पाहणाऱ्यांना एकाच पाणबुड्याचे बुडबुडे दिसू लागले.

पुढचे कित्येक तास. बोडन थांबत थांबत वर आले. एक्सलींसाठी दोराला टांगलेली डिकम्प्रेशनची सिलिंडरं न वापरलेली राहिली.

काही दिवसांनी. ती सिलिंडरं काढून घेताना एक्सलींचं शव सापडलं. मनगटावरच्या कॉम्प्युटरने कमाल खोली नोंदवली होती, १००० फुटांच्या अलीकडची. मृत्यूचं कारण ठरवता आलं नाही.