स्टेपनीचं कुळ

1908-10च्या सुमाराची, लाकडी आऱ्यांची मोटार. चाकं हबवर कायमची बसवलेली. आणि फूटबोर्डावर मात्र आख्खं पाचवं चाक पट्ट्यांनी आवळलेलं! जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात हे दिसलं की समजावं, मालकानं पैसा ओतलाय, पण 'स्टेपनी' या शब्दानं त्याला चकवलंय. त्या गाडीचं चाक वाटेत उभं राहून बदलता येतच नव्हतं, मग पाचवं चाक घेऊन करायचं काय? तिला स्टेपनीच हवी, पण अस्सल. आणि अस्सल स्टेपनीला चाक म्हणणंच चूक आहे.

ते एक कडं होतं. मधे हब नाही, आरे नाहीत. नुसती गोल रिम, तिच्यावर हवा भरलेला टायर आणि रिमेच्या कडेला क्लॅम्प. पंक्चर झालं की चाक तसंच राहू द्यायचं, हे कडं बाहेरून त्याच्या बाजूला लावायचं, क्लॅम्प मूळ रिमेच्या काठात अडकवायचे आणि विंग नट हातानं पिळून घट्ट करायचे. चाक आता दोन टायरांएवढं रुंद. लंगड्याला कुबडी दिल्यासारखी गाडी घरापर्यंत जायची. त्याआधी पंक्चर म्हणजे रस्त्याकडेला बसून पट्टीनं टायर उपसायचा, ट्यूबला ठिगळ लावायचं आणि हातपंपानं हवा भरत घाम गाळायचा. रस्ते घोडागाड्यांचे, त्यामुळे नालांचे खिळे जागोजागी.

आता गाडी दुरुस्त करणाऱ्याची अडचण बघा. हे कडं भंगारात आलं तर दुकानदार ते आरे तुटलेलं चाक म्हणून बाजूला टाकतो आणि घेणारासुद्धा त्याच नजरेनं बघतो. सापडलंच तर माप जुळायला हवं. 760×90च्या चाकाला 815×105चं कडं बसत नाही. क्लॅम्पची पकड मूळ रिमेच्या काठावर असते आणि ती दोन-चार मिलिमीटरनं हुकली तरी कडं वळणावर घसरणार. म्हणून आधी क्लॅम्प तपासावेत, टायर मागाहून. गाडीवर हे कडं वाहून न्यायला लोखंडी ब्रॅकेट किंवा चामडी पट्टे पुरत. बाजू मात्र ठरलेली. इंग्लिश गाडीत गिअरचा आणि हॅण्डब्रेकचा दांडा ड्रायव्हरच्या उजव्या हाताला, बऱ्याचदा गाडीच्या बाहेरच्या अंगाला. त्या बाजूनं चढणं-उतरणं कठीणच, सगळे डावीकडून चढायचे. तेव्हा उजव्या फूटबोर्डाची रिकामी जागा स्टेपनीला. डावीकडे बांधलेली दिसली तर मी तरी भुवया उंचावतो.

आता नाव. गॅरेजात विचारलं तर उत्तर तयार असतं: 'स्टेप'वर ठेवतात म्हणून स्टेपनी. ऐकायला झकास, पण मग ती 'नी' कुठून आली, हे कुणी सांगत नाही. थोडं वाचलेले लोक लंडनच्या पूर्वेकडच्या स्टेपनी या वस्तीकडे बोट दाखवतात. तेही चूकच. वेल्समध्ये लॅनेली नावाचं गाव आहे, टिनच्या पत्र्यासाठी गाजलेलं. तिथे स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. थॉमस मॉरिस डेव्हिस यानं 1904 साली हे कडं काढलं आणि दुकानाच्या रस्त्याचंच नाव त्याला दिलं. पुढे कंपनी निघाली, देशोदेशी एजंट नेमले गेले, लंडनच्या टॅक्सींवर स्टेपनी दिसू लागली.

पण लंडनवाल्यांना पुरतं खोटं पाडता येत नाही, आणि इथेच मला खरी गंमत वाटते. लॅनेलीच्या रस्त्याला ते नाव स्टेपनी या जमीनदार घराण्यावरून मिळालेलं, आणि आडनाव म्हणून ते मुळात लंडनच्या त्याच वस्तीकडे बोट दाखवतं. त्या वस्तीचं हजार सालच्या सुमाराचं नाव स्टिबानहिथ, म्हणजे स्टिबाचा धक्का, नावा लावायची जागा. कोण हा सॅक्सन स्टिबा, त्याची होडी किती मोठी, देव जाणे. पण बजाज चेतकच्या पाठीवर त्याचंच नाव बसून आकुर्डीच्या कारखान्यातून बाहेर पडलं.

कड्याचा अंमल फार टिकला नाही. 1906च्या फ्रेंच ग्रां प्रीत मिशलँच्या सुट्या होणाऱ्या रिमांनी रेनोला जिंकवलं, पाठोपाठ रज-व्हिटवर्थची मधल्या एकाच नटानं निघणारी तारांची चाकं आली. आख्खं चाक बदलता येऊ लागलं, मग ते ठेवायला मडगार्डात खाचा झाल्या, मागे ब्रॅकेट आले. जनरल मोटर्सनं 1928 साली शिवडीत गाड्या जोडायला सुरुवात केली तेव्हा कडं कधीच इतिहासजमा झालं होतं. नाव मात्र गेलं नाही. इंग्लंडात ते विसरले, आपल्याकडे क्लीनर अजूनही 'स्टेपनीत हवा बघ' म्हणतो.

असं का? नेहमीचं उत्तर: साहेबाचं राज्य, साहेबाचा शब्द. मला ते पटत नाही. ब्राझीलमध्ये जादा चाकाला 'एस्तेपे' म्हणतात, तुर्कस्तानात 'स्तेपने'. दोन्हीकडे साहेबाचं राज्य नव्हतं. (ब्राझीलची भाषा पोर्तुगीज खरी. पण खुद्द पोर्तुगालात चाकासाठी हा शब्द चालत नाही, त्यामुळे गोव्याकडे वळायचा मोह टाळलेला बरा.) उलट कॅनडा, ऑस्ट्रेलिया साहेबाचेच, तिथे नुसतं 'स्पेअर'. माझं म्हणणं असं की जिथे 'स्पेअर' या शब्दाचा अर्थ आपोआप कळतो तिथे कंपनीचं नाव टिकत नाही. जिथे मिस्त्रीला दोन्ही शब्द सारखेच परके, तिथे एजंटानं पहिल्यांदा उच्चारला तो शब्द कायमचा चिकटला.

इजिप्तमध्ये तर तो राजकारणात शिरला. तिथे स्टेपनीचं 'इस्तेब्न' झालंय. 2012च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मुस्लिम ब्रदरहुडचा मूळ उमेदवार खैरत अल-शातिर अपात्र ठरला आणि राखीव ठेवलेले मोहम्मद मोर्सी पुढे आले, तेव्हा विरोधकांनी त्यांचं नावच 'इस्तेब्न' पाडलं. निवडणूक मात्र मोर्सींनीच जिंकली.

माझ्या मताला अडचण आहे ती माल्टाची. तिथे इंग्रजी घरोघरी चालते, तरी शब्द 'स्टेपनी'च. पण घरोघरी चालते म्हणून गॅरेजात तेव्हाही चालत होती असं थोडंच आहे? शब्द गाडीखाली झोपलेल्या मिस्त्रीकडून मालकाकडे गेला, हे मी माल्टापुरतंही सोडायला तयार नाही.