अपील कोण करतो?

वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळणार नाही म्हणून स्वतंत्र भारतात जे पहिले मोठे भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, त्यातील अर्जदार बाईंनी त्या महाविद्यालयात अर्जच केलेला नव्हता. तलासरीच्या मुलांना मी ही गोष्ट सांगतो तेव्हा त्यांना वाटते, मास्तर थट्टा करतात. पण थट्टा नाही. निकालपत्रातच ते नमूद आहे.

मद्रास राज्यात तेव्हा कम्युनल जी. ओ. या नावाचा हुकूम चालू होता. वैद्यकीय आणि इंजिनिअरिंगच्या दर १४ जागांमागे ६ ब्राह्मणेतर हिंदूंना, २ मागास हिंदूंना, २ ब्राह्मणांना, २ हरिजनांना, १ अँग्लो-इंडियन व भारतीय ख्रिश्चनांना आणि १ मुसलमानांना, अशी त्यात वाटणी होती. चंपकम दोराईराजन या ब्राह्मण बाईंनी चौकशी केली, आपल्याला जागा मिळणार नाही असे त्यांना कळले, आणि १९५० साली त्या थेट मद्रास हायकोर्टात गेल्या. अर्जच नाही तर नकार कोठला, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या ध्यानात आला होता. त्यावर न्यायालयाने थोडी कुरकुरही केली. पण शासनाने तो मुद्दा धरून ठेवला नव्हता, म्हणून तो बाजूला ठेवून ९ एप्रिल १९५१ रोजी हुकूम रद्द झाला. त्यातूनच पहिली घटनादुरुस्ती आली आणि जून १९५१ मध्ये कलम १५ मध्ये चौथे पोटकलम घातले गेले. आज वारल्याच्या मुलासाठी एमबीबीएसची जी जागा राखीव आहे, ती या पोटकलमाच्या आधाराने उभी राहिली. एका ब्राह्मण बाईच्या खटल्याच्या पोटी आमची तरतूद जन्मली, हा इतिहासाचा विनोद आहे. मी तो कडवटपणे सांगत नाही.

मला विचारायचे आहे ते वेगळेच. न केलेल्या अर्जाचे अपील ऐकले जाण्यासाठी माणसाजवळ काय असावे लागते? बातमी असावी लागते, चौकशी करण्याची ऐपत असावी लागते, वकिलाच्या घराची वाट ठाऊक असावी लागते, आणि आपल्याला नाकारले म्हणजे अन्याय झाला असे मनापासून वाटावे लागते. ही शेवटची गोष्ट सगळ्यांत महाग आहे.

त्याच पाच-सहा वर्षांत डहाणू-उंबरगावच्या पट्ट्यात काय चालले होते ते पाहा. २३ मे १९४५ रोजी झरी गावी वारल्यांची परिषद भरली. गोदावरी आणि शामराव परुळेकर तिथे होते. मागणी कसली होती? वेठ बंद करा. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको जन्मभर सावकाराच्या दारात राबतात, ती लग्नगड्याची पद्धत बंद करा. गवत कापणीला रोकडा मजुरी द्या. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला पोलिसांनी गोळी घातली आणि जेठ्या गांगड व त्याचे साथी पडले. वारल्यांनी त्या वर्षी नकाराविरुद्ध जे अपील केले ते असे होते, आणि ते रक्ताने लिहिले गेले. ज्याला माणूस म्हणून मोजणेच नाकारले होते, त्याने मेडिकलच्या जागेसाठी मद्रासच्या बाईंप्रमाणे चौकशी करावी ही कल्पनासुद्धा कुणाच्या डोक्यात येण्यासारखी नव्हती. गोदावरीबाईंनी हा सगळा इतिहास पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात १९७० साली मांडला. आमच्या शिक्षक मंडळींनी तो इतिहासाच्या तासाला नव्हे, प्रवेशाच्या हंगामात वाचावा असे मला वाटते. कारण त्या पाच वर्षांचा आणि आजच्या दाखल्याचा थेट संबंध आहे.

तो संबंध ६ सप्टेंबर १९५० या तारखेशी आहे. त्या दिवशी राष्ट्रपतींचा अनुसूचित जमातींचा आदेश निघाला. वारली त्या यादीत आले. आज जमातीच्या दाव्याची पडताळणी होते तेव्हा सर्वांत वजनदार पुरावा मानला जातो तो या तारखेआधीचा: आजोबाचा शाळेचा दाखला, जन्ममृत्यूची नोंद, जमिनीचा कागद. आता १९५० पूर्वीचा वारली आजोबा डोळ्यांपुढे आणा. तो शाळेत गेला नाही. शाळा सावकाराच्या पोरांची होती. जमीन त्याने कसली, पण उताऱ्यावर नाव मालकाचे. कुळ कायदा १९४८ चा, कृषक दिन १ एप्रिल १९५७ चा. म्हणजे ज्यांच्या नावे जमीन चढली त्यांची बहुतेक चढली ती आदेशानंतर. मग सरकारी दप्तरात त्या काळचे त्याचे नाव सापडण्याची जागा उरली कोठे? लढ्यात अटका झाल्या, खटले भरले गेले. पोलीस ठाण्याच्या वहीने आजोबाची नोंद घेतली असेल. शाळेच्या वहीने घेतली नाही.

शहरातील वाचकाला वाटेल की नकार म्हणजे मुलाखतीतला नकार. मुलाखतीचा इतिहासही आहेच. म्हैसूर राज्यात वैद्यकीय आणि तांत्रिक प्रवेशासाठी मुलाखतीचे गुण ठेवले होते, आणि १९६४ साली चित्रलेखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत मान्य केली. मद्रासने जिल्हावार जागा वाटल्या होत्या. त्या १९६८ साली राजेंद्रन खटल्यात रद्द झाल्या. ही जिल्हावार वाटणी टिकली असती आणि महाराष्ट्राने उचलली असती, तर मागासलेल्या जिल्ह्यांचे चित्र काही वेगळे दिसले असते की नाही, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. पण ते राहो. आपल्याकडे एमबीबीएसचा प्रवेश गुणांच्या यादीवरच होत आला. आधी बारावीचे गुण, मग राज्याची सीईटी, आणि आता नीट. आमच्या मुलाला मुलाखतीच्या खोलीतून कुणी बाहेर काढलेले नाही. तो त्याआधीच, दाखल्याच्या खिडकीपाशी, थांबवला जातो.

ही खिडकी कशी उभी राहिली? सुरुवातीला काही जमातींची मान्यता राज्याच्या ठरावीक भागापुरतीच होती. विदर्भातील हलबांचे उदाहरण यात ठळक आहे. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने राज्यांतर्गत क्षेत्रबंधन उठले. उद्देश चांगला होता. एकाच जमातीचा माणूस नदीच्या अलीकडे आदिवासी आणि पलीकडे बिगर-आदिवासी, हा मूर्खपणा त्याने संपवला. पण त्याबरोबर नामसादृश्याचे दार सताड उघडले. शिरगणतीचे आकडे बोलके आहेत. १९७१ साली महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची संख्या सुमारे २९.५ लाख, १९८१ साली सुमारे ५७.७ लाख. एवढी वाढ पाळण्यांतून होत नसते. त्यातला मोठा भाग बंधन उठल्याने यादीत आलेल्या खऱ्या आदिवासींचा आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण नावाच्या साम्यावर आत आलेलेही थोडे नव्हते. मग पडताळणी समित्या आल्या, आणि समितीविरुद्ध अपिले आली.

आता ही अपिले कुणाची, ते पाहू. कुमारी माधुरी पाटील विरुद्ध अपर आयुक्त, आदिवासी विकास. निकाल २ सप्टेंबर १९९४. पडताळणीच्या कायद्याचे हे बायबल समजले जाते. दोन बहिणी, दावा महादेव कोळी असल्याचा, एकीचा एमबीबीएसचा प्रवेश राखीव जागेवर. सर्वोच्च न्यायालयाने दावा अमान्य केला आणि समिती, दक्षता पथक, नोटीस, सुनावणी अशी सारी पद्धत घालून दिली. समितीच्या निर्णयावर दुसरे कोणतेही अपील नाही, फक्त हायकोर्टात रिट, हेही तेव्हाच ठरले. खोट्या दाखल्यावर मिळालेला प्रवेश खऱ्या आदिवासीला वंचित करतो, असे न्यायालयाने स्वच्छ शब्दांत सांगितले. आणि तरीही जी मुलगी शेवटच्या वर्षाला पोहोचली होती तिला शिक्षण पूर्ण करू दिले.

दुसरे प्रकरण महाराष्ट्र शासन विरुद्ध मिलिंद, २८ नोव्हेंबर २०००, पाच न्यायमूर्तींचे घटनापीठ. हलबा म्हणून १९८५-८६ साली एमबीबीएसला प्रवेश. समितीने दाखला अमान्य केला. हायकोर्टाने मान्य केला. सर्वोच्च न्यायालयाने शेवटी सांगितले की राष्ट्रपतींच्या आदेशात कोर्टालाही एक अक्षर घालता येत नाही, कोष्टी हा हलबा नव्हे. पण मधे पंधरा वर्षे गेली, सरकारचा खर्च झाला, म्हणून पदवी कायम. विणकर कोष्टी गरीब आहे, त्याचे माग बंद पडले, हे मी नाकारत नाही. त्याच्या गरिबीचे उत्तर शासनाने द्यावे. ते आमच्या सात टक्क्यांतून का द्यावे?

दोन्ही खटल्यांची निकालपत्रे मी पुन्हा पुन्हा वाचली आहेत. त्यांत अर्जदार आहे, शासन आहे, समिती आहे. एक माणूस नाही. ज्याची जागा होती तो. राज्यात अनुसूचित जमातींना ७ टक्के जागा. म्हणजे शंभर जागांच्या महाविद्यालयात सात. त्यांतली एक अंतरिम आदेशाने कुणाकडे गेली, तर प्रतीक्षायादीत खाली असलेला मुलगा बाहेर राहतो. त्याला नोटीस जात नाही. आपली जागा कोणत्या कोर्टात अडकली आहे हे त्याला कळतही नाही. पंधरा वर्षांनी निकाल त्याच्या बाजूने लागतो, आणि तो तोवर वसई-विरारच्या एखाद्या कारखान्यात किंवा गावच्या वाडीत काम करत असतो. अपिलाला लागलेला वेळ अर्जदाराच्या पदरात पुण्य म्हणून पडला. गैरहजर माणसाच्या पदरात त्या वेळेचे काय पडले? २०१७ साली बहिरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही दया बंद केली आणि दावा अमान्य झाल्यास २००१ पासून लागू असलेल्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे मिळालेले लाभ गेलेच पाहिजेत असे ठरवले. उशिरा का होईना, झाले.

पण याची दुसरी बाजू आमच्यातल्या काही कार्यकर्त्यांना ऐकायला आवडत नाही, ती मी येथे मांडतो. बोगसांना रोखण्यासाठी उभारलेल्या चाळणीत खरा आदिवासीही अडकतो. महादेव कोळी, ठाकूर, मल्हार कोळी यांच्या नावासारख्या नावाच्या बिगर-आदिवासी जाती शेजारीच असल्याने त्यांच्या मुलांवर संशय आधी आणि चौकशी नंतर. वर आप्तभाव चाचणी: तुमचा देव कोणता, लग्नात गाणी कोण म्हणते, नाच कोणता. आश्रमशाळेत सहाव्या वर्षी टाकलेले पोर धवलेरीची गाणी कोठून म्हणणार? पुस्तक पाठ करून आलेला मात्र तारप्यापासून चौकापर्यंत सगळे सांगतो. २४ मार्च २०२३ रोजी ठाकूर जमातीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही चाचणी निर्णायक कसोटी मानता येणार नाही. आदिवासींच्या संघटनांनी हा निकाल शत्रूचा समजू नये.

वारल्यांचे दुखणे याहून निराळे आहे. तलासरी तालुक्यात दहांत नऊ माणसे आदिवासी, डहाणूत दहांत सात. येथील वारल्याचा दावा मी सहसा फेटाळलेला पाहिला नाही. तो वेळेत पोहोचत नाही, इतकेच. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये बापाचे नाव 'लाहन्या', दाखल्यावर 'लहानू'. आडनाव एका भावाचे पाड्यावरून, दुसऱ्याचे कुळावरून. माझ्या ओळखीच्या एका मुलीला नीटमध्ये राखीव यादीत बसण्याजोगे गुण होते. एका कचेरीने तिच्या आजोबाचा १९५० पूर्वीचा कागद मागितला. मी तिच्याबरोबर गेलो. कारकून माणूस वाईट नव्हता. त्याने पाणीही दिले. त्याला मी विचारले, साहेब, त्या साली आमच्याकडे कागद कुणाजवळ होते? तो म्हणाला, नियम आहे. वैधता हाती आली तेव्हा प्रवेशाच्या फेऱ्या संपलेल्या होत्या.

अशा मुलीने अपील करावे का? करावे, आणि त्याच आठवड्यात. १३ डिसेंबर २०१९ च्या एस. कृष्ण श्रद्धा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की गुणवत्ता असताना, स्वतःची चूक नसताना, बेकायदेशीरपणे एमबीबीएसचा प्रवेश नाकारला गेला आणि विद्यार्थी विलंब न लावता कोर्टात आला, तर अपवादात्मक परिस्थितीत अंतिम तारखेनंतर महिन्याभरात प्रवेश देता येतो. जागा वाढवता येते. ते शक्य नसेल तर पुढील वर्षी जागा राखून ठेवता येते. या निकालातला सगळा जीव 'विलंब न लावता' या शब्दांत आहे. डहाणूहून चर्चगेट सव्वाशे किलोमीटर. आईची रोजंदारी बुडते, वकिलाची फी आधी लागते, आणि नाकारल्याचा लेखी कागद तर कुणी देतच नाही. खिडकीवरचा माणूस तोंडाने सांगतो, उद्या या. तोंडी नकाराचे अपील होत नाही. म्हणून मी मुलांना पहिली गोष्ट सांगतो ती ही, की अर्ज द्या, त्याची पोच घ्या, नकार लेखी मागा, त्यावर तारीख आणि शिक्का घ्या.

दुसरी गोष्ट शिक्षकांसाठी आहे. वैधतेचे काम बारावीच्या निकालानंतर सुरू करण्यात अर्थ नाही. ते अकरावीला बसताच सुरू झाले पाहिजे. आजोबाचा कागद नसेल तर चुलत आजोबाचा, आत्याचा, बापाकडच्या ज्या नातेवाइकाला आधीच वैधता मिळाली असेल त्याची प्रत आणि त्याच्याशी नाते दाखवणारी वंशावळ. फेरफाराच्या नोंदी, कुळ कायद्याखालचे आदेश, जुन्या प्राथमिक शाळांची रजिस्टरे हे सारे तालुक्यातच पडून आहे, काही वाळवी खाते आहे. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळा पोरांकडे नेली, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात वर्ग भरवले. त्या काळची पाने जिथे असतील तिथे जाऊन नक्कल उतरवायला किती शिक्षक तयार आहेत? गेल्या उन्हाळ्यात आम्ही चार जणांनी तीन पाड्यांच्या वंशावळी लिहून काढल्या. एका घरात म्हातारीने पाच पिढ्यांची नावे न अडखळता सांगितली, आणि मग विचारले, हे कशाला पाहिजे? तिची नात सध्या अकरावीत आहे, शास्त्र शाखेला.