शंभरातली एक

टोकियोच्या गिन्झा भागातल्या रस्त्यावरून चालणाऱ्या काही तरुणींचा 1928 सालचा एक फोटो जपानच्या आधुनिक इतिहासावरच्या पुस्तकांत आणि प्रदर्शनांत हटकून भेटतो. कागेयामा कोयो या छायाचित्रकाराने तो टिपला. समुद्रकिनाऱ्यावर घालायच्या ढगळ, पायघोळ पायजम्यांची तेव्हा नवलाई होती. तोच पेहराव करून या मुली भर शहरात निघाल्या आहेत आणि आपल्याकडे लोक पाहताहेत याची त्यांना फिकीर दिसत नाही. त्या काळात अशा मुलींना ‘मोगा’ म्हणत. हा फोटो पाहिला की 1920 च्या दशकातलं टोकियो असंच होतं अशी खूणगाठ मनात बसते. फोटो खरा आहे, खूणगाठ चुकीची आहे. तीनच वर्षं आधी, मे 1925 मध्ये, कोन वाजिरो नावाचा एक अध्यापक आपले मित्र आणि विद्यार्थी घेऊन याच गिन्झामध्ये कागद-पेन्सिल हातात धरून येणाऱ्याजाणाऱ्यांचे कपडे मोजत होता. त्याच्या मोजणीत शंभर पुरुषांपैकी 67 जण पाश्चात्त्य पोशाखात निघाले. शंभर बायकांपैकी फक्त एक. तीन वर्षांत हे प्रमाण वाढलं असेल, पण एकीच्या पन्नासजणी झाल्या नव्हत्या. शितावरून भाताची परीक्षा होते ती सगळा भात एका पातेल्यात शिजलेला असतो म्हणून. रस्त्याचं तसं नसतं.

रस्त्यावरच्या ऐटबाज अनोळखी माणसांचे फोटो काढणं हा आता जगभरचा व्यवसाय झाला आहे. त्याचं कौतुक करताना सगळं श्रेय छायाचित्रकाराच्या नजरेला दिलं जातं. गर्दीतून नेमका माणूस हेरण्याची ती हातोटी मोठीच आहे, आणि फोटो सुंदर होतो तो तिच्यामुळेच. पण पेहरावाच्या इतिहासाला त्या फोटोचा काय उपयोग, असं विचारलं तर माझं उत्तर वेगळं आहे. तिथे नजरेपेक्षा चिकाटी मोलाची ठरते. एकच जागा धरून वर्षानुवर्षं उभं राहायचं, चौकट बदलायची नाही आणि जमेल तिथे मोजदाद करायची, हे ज्यांनी केलं त्यांचं काम साक्षीला उभं राहतं. टोकियोत हे दोन्ही प्रकार जवळजवळ शंभर वर्षं शेजारी शेजारी नांदले आहेत, म्हणून हा वाद तिथल्या पुराव्यावर तपासून पाहता येतो.

कोन वाजिरोचा (1888–1973) जन्म उत्तर जपानातल्या हिरोसाकीचा. तो कलाशाळेत शिकला आणि पुढे वासेदा विद्यापीठात शिकवू लागला. लोकसंस्कृतीचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांच्या मंडळींबरोबर तो खेडोपाडी हिंडला होता आणि शेतकऱ्यांच्या घरांची बारकाईने रेखाटनं करून त्यांवर त्याने 1922 मध्ये पुस्तकही काढलं होतं. चूल कुठे, धान्याची जागा कुठे, खुंटीला काय टांगलंय, हे पाहण्याची सवय त्याला तिथे लागली. मग 1 सप्टेंबर 1923 रोजी भूकंप झाला. त्यात आणि पाठोपाठच्या आगींत टोकियो-योकोहामा परिसरातली एक लाखाहून जास्त माणसं गेली. उरलेल्यांनी राखेतून पत्रे, फळ्या, चिंध्या जमवून झोपड्या उभ्या केल्या. ज्या शहराचं काहीच गृहीत धरता येत नाही अशा शहरात माणसं पुन्हा एकेक वस्तू कशी जमवतात, हे कोन पाहत होता आणि काढून ठेवत होता. गाडल्या गेलेल्या काळाचा अभ्यास करणारं शास्त्र आहे, तसंच चालू काळाचंही असायला हवं, हा त्याचा विचार या दिवसांत पक्का झाला.

गिन्झाच्या मोजणीचा तक्ता ‘फुजिन कोरोन’ या स्त्रियांच्या मासिकात जुलै 1925 मध्ये छापून आला. तो नीट पाहण्यासारखा आहे. पुरुष आणि बाई यांच्या साध्या रेषाचित्रांभोवती डोक्यापासून पायापर्यंत एकेका गोष्टीची नोंद आहे. हॅट कसली, कॉलर कुठल्या घाटाची, मिशी आहे का, चष्मा आहे का, केशरचना कशी, पायात बूट की लाकडी खडावा; आणि प्रत्येकासमोर शेकडेवारी. कॅमेऱ्यात एका क्षणी एक माणूस सबंध सापडतो. या तक्त्यात सबंध माणूस कुठेच नाही, पण गिन्झातल्या सगळ्या कॉलरी एकत्र आहेत. पुढे याच मंडळींनी होन्जो-फुकागावा या कामगार वस्तीतही अशीच पाहणी केली. त्यामुळे गिन्झा म्हणजे टोकियो नव्हे, हेही त्यांच्याच कागदांवरून सिद्ध होतं. वर्तमानपत्रं ‘मोगा’ या प्राण्यावर रकाने भरत होती, आणि फॅशनच्या माहेरघरातली आकडेवारी सांगत होती की बायका अजून किमोनोतच आहेत. कचेऱ्या, शाळा, सैन्य यांच्या दबावाने पुरुषांचा पोशाख बदलला. ज्यांच्यावर तो दबाव तेवढा नव्हता त्यांचा बदलला नाही. एका टक्क्यामागचा हा अर्थ मला त्या प्रसिद्ध फोटोपेक्षा जास्त बोलका वाटतो.

यावर कोणी म्हणेल, की ऐट ही मुळात दुर्मीळच असते. बहुसंख्यांचे कपडे मोजून फॅशनचा इतिहास लिहिणं म्हणजे सरासरी पावसावरून वादळाचं वर्णन करणं. आक्षेपात तथ्य आहे. 1964 च्या उन्हाळ्यात गिन्झाच्या मियुकी रस्त्यावर काही पोरं अमेरिकी विद्यापीठांच्या धर्तीचे कपडे घालून नुसती उभी राहायची. टोकियोच्या लोकसंख्येत ती मूठभरच होती. पण ऑक्टोबरमध्ये ऑलिंपिक भरायचं होतं, पाहुण्यांसमोर शोभा नको, म्हणून सप्टेंबरमध्ये पोलिसांनी त्यांची धरपकड केली. बटणं लावलेल्या कॉलरच्या शर्टापायी पोलीसचौकी पाहावी लागते, ही घटना कुठल्याही शेकडेवारीत मावणार नाही. तेव्हा दुर्मीळ माणसाची नोंद हवीच. अट एवढीच, की तो दुर्मीळ आहे हे नोंदीतून कळलं पाहिजे.

ते कळलं नाही तर काय होतं, याचं उदाहरण पुढच्याच वर्षी घडलं. या पोरांचं दैवत असलेल्या व्हॅन जॅकेट या कंपनीच्या मंडळींबरोबर छायाचित्रकार हायाशिदा तेरुयोशी अमेरिकेत गेला आणि तिथल्या आयव्ही लीग विद्यापीठांच्या आवारात फिरणाऱ्या अनोळखी विद्यार्थ्यांचे फोटो काढून आणले. ‘टेक आयव्ही’ हे पुस्तक 1965 मध्ये निघालं. फोटो देखणे आहेत. अर्ध्या विजारी, अनवाणी पायांत घातलेले बूट, उन्हात विटलेले शर्ट. पण ती निवड होती, तीही एका कपडेवाल्या कंपनीच्या गरजेने केलेली, आणि जपानी वाचकाला ताडून पाहायला दुसरं काही हाताशी नव्हतं. मुलांनी सहज अंगावर चढवलेले कपडे जपानमध्ये नियम होऊन बसले. आकड्याविना आलेली निवड अशी हुकूम बनते.

टोकियोतल्याच हाराजुकूची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे आणि माझ्या म्हणण्याची खरी कसोटी तिथेच लागते. युद्धानंतर या भागाला लागून अमेरिकी सैनिकांच्या कुटुंबांची वसाहत होती. ऑलिंपिकच्या वेळी ती जागा परत मिळाली, तिथे खेळाडूंचं गाव झालं आणि पुढे योयोगी उद्यान. 1977 पासून रविवारी रस्ता गाड्यांना बंद होऊ लागला आणि तरुण मुलं तिथे नाचायला, वाजवायला, मिरवायला येऊ लागली. आओकी शोइची या छायाचित्रकाराने 1985 पासून ‘स्ट्रीट’ या मासिकातून लंडन-पॅरिसच्या रस्त्यांवरची माणसं जपानी वाचकांना दाखवली होती. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्याच्या लक्षात आलं की बघण्यासारखं ते आता हाराजुकूतच आहे. कुणी ओबी पट्टा झग्यावर बांधलाय, कुणी जुन्या बाजारातले चार कपडे उसवून एक केलाय. 1997 मध्ये त्याने ‘फ्रूट्स’ काढलं. पानभर एकच फोटो, बहुतेकदा पूर्ण उंचीचा, माणूस समोर बघत उभा. कडेला वय, काय करतो, कुठला कपडा कुठून आणला, सध्या कशाचं वेड आहे, हे त्याने स्वतः सांगितलेलं. ‘घरी शिवलेलं’ आणि ‘जुनं, वापरलेलं’ ही उत्तरं तिथे पुन्हा पुन्हा येतात. मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींनी भरलेल्या मासिकांतून हे कधीच कळलं नसतं. 2017 पर्यंत 233 अंक निघाले. एकेका अंकात छायाचित्रकाराची निवड दिसते; सगळे अंक ओळीने लावले की एका चौकाची वीस वर्षं दिसतात.

यावरचा नेहमीचा आक्षेप असा, की ती मुलं फोटोसाठीच नटून येत होती, मग ही नोंद रस्त्याची की रंगमंचाची? येत होती, यात शंका नाही. पण नटून चारचौघांत जाणं हा शहरातल्या कपड्यांचा जुनाच हेतू आहे. कॅमेरा नसता तरी रविवारच्या त्या रस्त्यावर एकमेकांना दाखवायला ती आलीच असती. कॅमेरा तिथे नंतर पोचला. बिघाड होतो तो पुढच्या पायरीवर. 2005 नंतर पॅरिस, मिलान, न्यूयॉर्कच्या फॅशन शोंबाहेर जे सुरू झालं, त्यात दारापाशी उभ्या असलेल्या पाहुण्यांना कंपन्याच कपडे पुरवू लागल्या. तिथल्या फोटोतून कपडा दिसतो, पण तो अंगावर का आला याचं खरं उत्तर मिळत नाही. म्हणून नटलेला माणूस मला चालतो. कपड्याचा हिशेब लपवलेला चालत नाही.

मोजणीची कोनची परंपरा ज्यांनी उघडपणे चालवली, ते मात्र व्यापारीच होते. शिबुयातल्या पार्को या मोठ्या दुकानाच्या ‘अक्रॉस’ या मासिकाने ऑगस्ट 1980 पासून शिबुया, हाराजुकू आणि शिंजुकू इथे दर महिन्याला ठरलेल्या जागी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फोटो काढायला, मुलाखती घ्यायला आणि एखाद्या कपड्याचं गर्दीतलं प्रमाण मोजायला सुरुवात केली. छापील मासिक बंद झालं तरी ही नोंद चालू राहिली. दुकानदाराची पाहणी दुकानदाराच्याच फायद्याची असणार, हा संशय रास्त आहे. पण माल विकायचा असेल तर बाजाराला गिऱ्हाइकाबद्दल खरी माहितीच लागते, खोटी माहिती त्यालाच बुडवते. पावसाळी दिवस, मंदीचं वर्ष, उत्साह नसलेला हंगाम, काहीही असो, महिना चुकवायचा नाही ही शिस्त त्या फायद्यातूनच आली. कलावंताला कंटाळा आला की तो थांबतो. 2017 मध्ये आओकीने ‘फ्रूट्स’ बंद केलं आणि फोटो काढावा अशी मुलंच आता दिसत नाहीत असं कारण दिलं. 1998 मध्ये रविवारी तो रस्ता गाड्यांना बंद ठेवणं थांबलं होतं, त्याच वर्षी युनिक्लोचं दुकान हाराजुकूत उघडलं होतं, पुढे परदेशी स्वस्त ब्रँड आले. त्याच्या निराशेला आधार होता. तरीही हे वाक्य म्हणजे निवड करणाऱ्याचा निवाडा आहे. मुलं दिसेनाशी झाली की साधे, सैल, एकरंगी कपडे हीच त्यांची नवी ऐट झाली, हे ठरवायला जो निवडत नव्हता, फक्त मोजत होता, त्याच्याकडे जावं लागेल.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत जड आहे. अनोळखी माणसाचा फोटो काढण्याचा हक्क दिला कोणी? याचा निकालही गिन्झातल्याच एका फोटोवर लागला. तिथून चाललेल्या एका बाईचा फोटो तिला न विचारता काढून टोकियोची फॅशन म्हणून इंटरनेटवर टाकला गेला. तिच्या अंगातल्या नामांकित ब्रँडच्या कपड्यावर छातीशी ठळक अक्षरं होती आणि त्यावरून लोकांनी तिची गलिच्छ टवाळी केली. टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने 2005 मध्ये तिच्या बाजूने निकाल देऊन भरपाई द्यायला लावली. निकाल योग्य होता असं मला ठामपणे वाटतं. विचारलं तर सहजता जाते, ही छायाचित्रकारांची तक्रार मी समजू शकतो, पण इतिहासासाठी ती सहजता फारशी लागत नाही. कोनच्या मोजणीला चेहऱ्यांची गरजच पडली नाही.

विचारण्याने नोंद लंगडी होते हा समजही खोटा आहे, आणि त्याचा पुरावा आपल्या मुंबईतच आहे. विल्यम जॉन्सनने मुंबईत दिसणाऱ्या निरनिराळ्या समाजांच्या लोकांचे फोटो 1863 आणि 1866 मध्ये दोन खंडांत छापले. पागोट्याची घडी, अंगरख्याचे बंद, धोतराचा काठ त्यात सुरेख उठले आहेत. पण माणसं एकीकडे टिपून त्यांच्यामागे दृश्यं वेगळी जोडलेली आहेत, म्हणजे रस्ता, जागा, वेळ सगळं बनावट. आणि खाली मथळा माणसाच्या जातीचा, छायाचित्रकाराने ठरवलेला. ते पागोटं त्या माणसाने स्वतः बांधलं की पागोटेवाल्याकडून बांधून घेतलं, अंगरख्याचं कापड गिरणीचं की हातमागाचं, तो रोज हेच घालायचा की फोटोसाठी ठेवणीतलं काढलं होतं, हे एका प्रश्नात कळलं असतं. हाराजुकूतल्या शाळकरी पोरीला तो प्रश्न विचारला गेला, म्हणून तिच्या स्कर्टची गोष्ट आज सांगता येते.