हातभर उडी

तिरुवनंतपुरमजवळचं थुंबा हे मच्छीमारांचं गाव. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त इथून अगदी जवळून जातं, म्हणून डॉ. विक्रम साराभाईंनी रॉकेट उडवण्यासाठी नेमकी हीच जागा हेरली. तिथे सेंट मेरी मॅग्डलीनचं चर्च उभं होतं. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी भाविकांना विश्वासात घेतलं आणि ते चर्च विज्ञानाच्या हवाली केलं. तिथेच कचेरी थाटली, कार्यशाळाही. रॉकेटचे भाग सायकलवरून नेले जात. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी अमेरिकेकडून मिळालेलं नाइकी-अपाची रॉकेट झेपावलं आणि सोडियमच्या वाफेनं मावळतीनंतरचं आभाळ रंगवलं. ते पाहायला मी त्या किनाऱ्यावर हवा होतो, असं आजही वाटतं.

१५ ऑगस्ट १९६९ ला इस्रोची स्थापना झाली. १९७५ मध्ये आर्यभट्ट उपग्रह सोव्हिएत रॉकेटवरून अवकाशात गेला. मग ध्यास लागला तो स्वतःच्या रॉकेटचा.

१० ऑगस्ट १९७९. श्रीहरिकोटाहून एसएलव्ही-३ उडालं आणि पाचेक मिनिटांत बंगालच्या उपसागरात कोसळलं. कारण काय, तर दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतली एक झडप कचऱ्यामुळे अडकून उघडीच राहिली आणि नायट्रिक आम्ल गळून गेलं. एवढ्याशा झडपेपायी कित्येक वर्षांची मेहनत समुद्रात! पण वर्षही उलटलं नाही, तोच १८ जुलै १९८० ला त्याच बनावटीच्या रॉकेटनं ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत नेऊन सोडला. त्याचे चारही टप्पे घन इंधनावर चालत, आणि ते इंधन देशातच तयार करण्यामागे आपल्या डॉ. वसंत गोवारीकरांचा मोठा वाटा होता.

पुढचे टप्पे सर्वांना ठाऊक आहेत. पीएसएलव्ही हे नंतरचं रॉकेटही पहिल्या खेपेला, १९९३ मध्ये, अपयशीच ठरलं होतं. पुढे त्यानंच चांद्रयान-१ आणि मंगळयान नेलं. मंगळयानाचं मुख्य इंजिन सुमारे ३०० दिवस बंद होतं. मंगळ दोन दिवसांवर आला असताना, २२ सप्टेंबर २०१४ ला, ते जेमतेम चार सेकंद पेटवून पाहिलं. त्या चार सेकंदांवर सगळी मोहीम टांगलेली होती.

७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चं लँडर चंद्रावर आदळलं, तेव्हा आमच्या घरात कुणी बोललं नाही. इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त झाला होता, चुका साचत गेल्या आणि त्या सावरायला यानाला वेळच मिळाला नाही. मला खरं नवल वाटतं ते यानंतरच्या कामाचं. पुढच्या यानाची, चांद्रयान-३ ची, आखणी करताना काय काय बिघडू शकतं, हाच प्रश्न आधी मांडला गेला. पाय मजबूत केले, इंधन वाढवलं. उतरण्याची जागा आधी ५०० मीटर बाय ५०० मीटर होती, ती ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली. २३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळचे सहा वाजून चार मिनिटं. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात त्याचा लँडर, विक्रम, अलगद टेकला. डोळे पुसत आम्ही टीव्हीसमोर उभेच होतो.

पण मला सर्वांत भावते ती ३ सप्टेंबरची घटना. ठरलेली कामं आटोपली होती. प्रज्ञान रोव्हर निजवून झाला होता. तेव्हा विक्रमचा उतरता फलक आणि उपकरणं आधी दुमडून घेतली, मग इंजिनं पुन्हा पेटवली. धूळ उडवत तो सुमारे ४० सेंटीमीटर, म्हणजे हातभर वर उठला, तेवढाच बाजूला सरकून पुन्हा नीट टेकला, आणि उपकरणं परत उघडून कामाला लागला.